बावन्नाचे साठ

३ जून, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाला हात घालणाऱ्याने नोंद ठेवावी. कोणाला दाखवायची नाही. माझी मला.

काम असं. आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचे चीफ टेक्निशियन डिसेंबरअखेर रिटायर होतात. त्यांच्या जागेची नोटीस काल लागली. अट: शालान्त परीक्षेत किमान साठ टक्के. मला बावन्न. सत्तावीस वर्षांपूर्वीचे. बावीस वर्षं मी इथे लोकांचं रक्त तपासतोय आणि माझी वाट अडवतंय कोण, तर सोळा वर्षांचं एक पोरगं, ज्याला त्या वर्षी टायफॉइड झाला होता. (टायफॉइड परीक्षेनंतर झाला. पण अशक्तपणा आधीपासून असणारच.)

उपाय: श्रेणीसुधार. त्याच परीक्षेला पुन्हा बसायचं, टक्के वाढवायचे. ऑक्टोबरात परीक्षा, डिसेंबरच्या सुरुवातीला निकाल, जानेवारीत मी चीफ. सरळ रेघ.

स्पर्धा म्हणावी तर फक्त नवी. तिला लॅबमध्ये येऊन चार वर्षं झाली, पण माझ्या लेखी नवीच. सुई कशी धरायची ते मी शिकवलं. तिला चौसष्ट टक्के आहेत म्हणे. असतील. हल्ली सगळ्यांनाच असतात.

हिला सांगितलं. ही रेडिमेड कपड्यांच्या दुकानात अल्टरेशनला बसते, उरलेलं काम घरी आणते. तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून म्हणाली, या वयात? मी म्हटलं, वय हीच माझी ताकद. टाचण्या परत तोंडात गेल्या. मूक संमती.

५ जून
टाइमटेबल झालं. चार रंग वापरले. पहाटे साडेचार ते साडेसात अभ्यास. संध्याकाळी सात ते नऊ अभ्यास. रविवारी आठ तास. ‘मनोरंजन’ असा रकाना होता, तो खोडला. आखायला तीन तास लागले. त्यामुळे आज प्रत्यक्ष अभ्यास नाही.

९ जून
सात पन्नासला उठलो. गजर वाजला असं ही म्हणते. मला ऐकू आला नाही म्हणजे घड्याळात दोष. चार दिवस हेच चाललंय. उद्यापासून टाइमटेबल दोन तास पुढे सरकवतोय. तास तेवढेच, फक्त सुरुवात उशिरा. गणिती दृष्टीने फरक शून्य.

१४ जून
परीक्षा मंडळाच्या ऑफिसात जाऊन फॉर्म भरला. अर्धा दिवस रजा.

खिडकीत एक कारकून. चष्मा कपाळावर, आवाज बसलेला. रांगेत सगळी पोरं आणि त्यांचे आईबाप. मला पाहून विचारलं, मुलगा कुठंय? मी म्हटलं, मीच.

मग तो मला समजावू लागला. ज्या विषयाला बसाल त्याचे जुने मार्क रद्द, नवे येतील तेच कायम. वाढले तरी तेच, घटले तरी तेच. नापास झालात तर नापास. म्हणून सहाच्या सहा विषयांना बसू नका. त्याने माझी जुनी गुणपत्रिका उलटी करून मागे पेन्सिलीने हिशोब मांडला. भाषा अठ्ठावन्न, इतिहास एकोणपन्नास. या दोनात मिळून अठ्ठेचाळीस वाढले की तुमचे साठ टक्के झाले. तेवढे नाही वाढले तरी फार घटणार नाहीत. गणितात एक्केचाळीस आहेत ना, त्याला हातसुद्धा लावू नका. ते परत मिळणं कठीण. इथे दहा जण येतात, त्यातले सहा-सात जण जे आहे तेही घालवून जातात.

मला त्या माणसाची कीव आली. आयुष्यभर हरलेली माणसं बघायची, म्हणजे नजर तशीच होणार. म्हटलं, सहाही विषय. त्याने विचारलं, नक्की? म्हटलं, अर्धवट कामं मी करत नाही. त्याने एका छापील ओळीवर बोट ठेवलं, इथे सही. केली. मूळ गुणपत्रिका जमा करून घेतली. फॉर्म मागे घ्यायची मुदत ३१ ऑगस्ट, तोपर्यंत आलात तर जुनी गुणपत्रिका परत मिळेल, असं तो मी निघाल्यावर मागून ओरडून सांगत होता.

मला काय करायचीय जुनी?

२३ जून
गणितासाठी कन्येला नेमलं. ती अकरावीत. गेल्या वर्षी याच परीक्षेत तिला चौऱ्याऐंशी टक्के. रोज संध्याकाळी सात ते नऊ. तिचा स्वतःचा अभ्यास त्याच वेळेत असतो असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, शिकवताना आपणच जास्त शिकतो. तिने टेबलाची अर्धी बाजू मोकळी करून दिली. पंख्याचा वारा त्याच बाजूला येतो, म्हणून मी तिची बाजू घेतली.

७ जुलै
कन्येला शिकवायची हातोटी नाही. ज्ञान आहे, संयम नाही. आज एक समीकरण अकराव्यांदा समजावताना तिचा आवाज चढला. बाबा, चिन्ह बदलतं, बाजू बदलली की चिन्ह बदलतं, किती वेळा सांगू. मी शांतपणे विचारलं, का बदलतं? ती म्हणाली, बदलतं. मी म्हटलं, कारण सांगता येत नसेल तर पाठांतरावर मिळालेले मार्क आहेत तुझे. आणि तुमच्या वर्षी पेपरही सोपाच होता, सगळे म्हणतात.

ती उठून आत गेली. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली. दार लावून घेतलं. या घरात शैक्षणिक वातावरण म्हणून नाही.

ठराव: गणित स्वतःचं स्वतः करणे.

२१ जुलै
सराव परीक्षा घेतली. पेपर मीच काढला, मीच सोडवला, मीच तपासला. एकूण ७१ टक्के. कडक तपासणी केली. दोन गणितांत उत्तर चुकलं होतं, पण रीत बरोबर दिशेने जात होती, म्हणून पूर्ण मार्क दिले.

लॅबमध्ये सगळ्यांना एकाहत्तर सांगितलं. चीफ म्हणाले, वा. त्यांना मनापासून आनंद झाला नाही हे दिसत होतं. नवी म्हणाली, सर, छान, काही लागलं तर सांगा, माझ्याकडे विज्ञानाच्या नोट्स आहेत. मला विज्ञानाच्या नोट्स देणार ही! मी म्हटलं, बाळ, विज्ञान मी रोज जगतो.

विज्ञानाचा अभ्यास टाइमटेबलमधून काढून टाकला. तो वेळ विश्रांतीला.

११ ऑगस्ट
कन्येच्या चाचणीचा निकाल. गणितात पन्नासपैकी सव्वीस. कधी नव्हे ते. तिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि उभी राहिली. मी म्हटलं, चाचणी म्हणजे काही खरी परीक्षा नव्हे. तिला हे ऐकायचं नव्हतं बहुतेक. काय ऐकायचं होतं ते सांगितलं नाही.

ही म्हणाली, पोरीचे दोन महिने तुम्ही खाल्लेत. मी म्हटलं, महिनाभर तर मी एकटाच करतोय. ही म्हणाली, तिच्याच टेबलावर, मोठ्याने.

पाठांतर मोठ्याने केल्याशिवाय होत नाही. शास्त्र आहे ते.

२७ ऑगस्ट, दुपारी
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या मुख्य डॉक्टर. कमी बोलतात. म्हणाल्या, कमिटीशी बोलले. दहा वर्षांवर अनुभव असेल तर साठऐवजी पन्नास टक्के चालतील. तुम्हाला बावन्न आहेत. डिसेंबरमध्ये मूळ गुणपत्रिका आणून दाखवा. माझी शिफारस तुमच्या नावाची आहे. मग चष्मा काढून म्हणाल्या, परीक्षेची दगदग आता सोडा. काम चांगलं करता, तेवढं पुरे.

मी आभार मानले. बाहेर आलो. कँटीनमध्ये जाऊन लागोपाठ दोन वडे खाल्ले. सकाळी खाल्लं नव्हतं.

२७ ऑगस्ट, संध्याकाळी
हिला सांगितलं. ही एवढी खूश झालेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. हातातला कोट खाली ठेवला. म्हणाली, उद्याच्या उद्या जा, फॉर्म मागे घ्या, कागद घेऊन या. कन्याही आतून आली. म्हणाली, बाबा, सुटलात.

सुटलात! म्हणजे मी अडकलो होतो असं या घरात सगळे धरून चालले होते.

मी म्हटलं, विचार करतो. ही म्हणाली, यात विचार कसला? मी म्हटलं, ही सवलत आहे. सवलत म्हणजे उपकार. उद्या मी चीफच्या खुर्चीत बसलो की मागे लोक म्हणणार, याच्यासाठी अट खाली आणली. नवीला चौसष्ट, चीफला बावन्न. ही म्हणाली, कोणी म्हणणार नाही. मी म्हटलं, मी म्हणेन.

चांगलं वाक्य होतं. म्हणून इथे लिहून ठेवलं.

३० ऑगस्ट
ही जेवताना म्हणाली, उद्या शेवटचा दिवस. मी म्हटलं, लक्षात आहे. ही म्हणाली, मी जाऊ का तुमच्याऐवजी? मी म्हटलं, सही माझी लागते. मग म्हणाली, हात दाखवून अवलक्षण करू नका हो. आजवर तिने मला ‘हो’ लावून काही मागितलं नव्हतं.

मी म्हटलं, एकाहत्तर मिळालेत मला. ती म्हणाली, ते तुम्हीच दिलेत.

३१ ऑगस्ट
गेलो होतो. ऑफिसच्या समोरच्या फुटपाथपर्यंत. काचेतून तो कारकून दिसत होता. एका मुलीला हिशोब मांडून दाखवत होता, पेन्सिलीने. आता मी गेलो की तो काय चेहरा करणार, ते मला दिसलं. ‘म्हटलं होतं ना’ असा चेहरा.

वीस मिनिटं उभा राहिलो. मग समोरच्या टपरीवर चहा घेतला. दुसरा घेतला. एक वाजता खिडकी बंद झाली.

हिला सांगितलं, निर्णय पूर्ण विचारांती घेतला आहे. जेवण वाढून ठेवलं होतं, ती दुकानात निघून गेली. आज तिची सुट्टी होती.

१८ सप्टेंबर
लॅबमध्ये एक तांत्रिक गोष्ट झाली. नोंद करून ठेवतो, कारण पुढे कोणी वेडंवाकडं बोलू नये.

सकाळी गर्दी. नळ्यांवर लेबलं मी लावत होतो. रॅकला सूत्रांची चिठ्ठी चिकटवली होती, हात काम करतात तेव्हा डोकं रिकामं का ठेवा. दोन नळ्यांची लेबलं बदलली गेली. एकीत साखर चारशे बारा, दुसरीत अठ्ठ्याण्णव. चारशे बारावाल्या आजोबांना अठ्ठ्याण्णवचा रिपोर्ट गेला आणि ते घरी गेले.

नवीच्या लक्षात आलं. सकाळी मशीनवर चारशे बारा तिने पाहिलं होतं, आणि रिपोर्ट एका धडधाकट बाईच्या नावाने निघालेला. तिने दोघांनाही फोन केले. बाईंना नुकतं औषध लिहून दिलं होतं, त्यांनी अजून घेतलं नव्हतं. आजोबांच्या घरी कोणी फोन उचलेना. नवी स्वतः रिक्षा करून गेली. आजोबा बाथरूमच्या दारात पडलेले. आता आयसीयूत आहेत.

लेबलांचा गोंद हल्ली नीट नसतो. आणि दोन्ही नावं एकाच अक्षराने सुरू होत होती.

१९ सप्टेंबर
मॅडमनी दोघांना उभं केलं. कोणाकडून झालं? मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात नवी म्हणाली, आम्हा दोघांकडून, मॅडम. गर्दी होती.

मी काही बोललो नाही. ती बोलून गेल्यावर मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं.

तिचा मान राखण्याचा स्वभाव चांगला आहे. चीफ झाल्यावर लक्षात ठेवीन.

सूत्रांची चिठ्ठी रॅकवरून तिने काढली. नीट घडी करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

२४ सप्टेंबर
आजोबा आयसीयूतून बाहेर. त्यांचा मुलगा लॅबमध्ये आला होता. ओरडला नाही. पेढा मागितल्यासारखा हात पुढे करून विचारलं, तुमच्यापैकी कोणी लावलं होतं हो लेबल? नवी आतल्या खोलीत होती. मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

परीक्षेला तेरा दिवस. भूगोल अजून उघडला नाही. भूगोल फार बदलत नाही.

७ ऑक्टोबर
पहिला पेपर, भाषा. एका शाळेत नंबर आला. गेटवर पर्यवेक्षक बाईंनी अडवलं. पालकांनी बाहेर थांबावं. हॉलतिकीट दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, या, काका.

बाक लहान. गुडघे आत जाईनात, म्हणून तिरका बसून लिहिलं. शेजारी एक मुलगी, दोन वेण्या. मला म्हणाली, घाबरू नका, पहिला पेपर सोपा असतो. मी घाबरलेलो नव्हतो. घाम उकाड्याचा होता.

पेपर उत्तम. निबंध चार पानं. ऐंशी धरून चालतो.

९ ऑक्टोबर
विज्ञान. पुस्तकातलं विज्ञान आणि खरं विज्ञान यात किती अंतर पडलंय. रक्तावर एकच प्रश्न, तोही दोन मार्कांचा. मी त्याला अडीच पानं लिहिली. मशीनचं नाव, तापमान, सगळं. बाकीचे प्रश्न बल, आरसे, आम्लं यांवर. पेपर काढणाऱ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव नाही, हे उघड आहे.

पासष्ट.

११ ऑक्टोबर, दुपारी २.४०
गणित. खोटं कशाला लिहू, कठीण होता. सगळ्यांनाच.

पहिली पंधरा मिनिटं आकडे हलत होते. पाणी प्यायलो. मग चिन्ह बदलायचं की नाही हा प्रश्न प्रत्येक गणितात आला. निम्म्यात बदललं, निम्म्यात नाही. सरासरीने बरोबर यायला हवं. शेवटच्या पाऊण तासात लिहिण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून आकृत्यांना पुन्हा पेन्सिल फिरवली. दोन वेण्यांच्या मुलीने पुरवणी घेतली, मग दुसरी घेतली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पर्यवेक्षक बाई माझ्या बाकाजवळ येऊन थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, काका, जायचं असेल तर जाऊ शकता.

शेवटपर्यंत बसलो.

पंचावन्न. कमीत कमी पन्नास.

घरी आल्यावर कन्येने विचारलं, कसा गेला? म्हटलं, तुझ्या वर्षीपेक्षा खूपच अवघड. ती म्हणाली, हो का. आणि पाण्याचा ग्लास दिला.

१८ ऑक्टोबर
परीक्षा संपली. बेरीज: ८० + ६० + ५० + ६५ + ७० + ६५. तीनशे नव्वद. पासष्ट टक्के. साठच्या वर पाच टक्के सुरक्षित अंतर. नवीपेक्षाही एक जास्त.

चीफच्या केबिनमध्ये सहज डोकावून आलो. खुर्ची खिडकीकडे पाठ करून आहे. फिरवावी लागेल.

२ डिसेंबर, सकाळी ११.२०
निकाल. लॅबच्या कॉम्प्युटरवर पाहिला. साइट उघडत नव्हती, नवीने उघडून दिली आणि आपणहून बाजूला झाली.

भाषा ६३. दुसरी भाषा ४७. गणित २२. विज्ञान ४४. इतिहास ५८. भूगोल ५०.
एकूण २८४.
शेरा: अनुत्तीर्ण.

काहीतरी घोळ आहे. नंबर दुसऱ्याचा असणार. तीनदा टाकून पाहिला.

२ डिसेंबर, संध्याकाळी
घरी सांगितलं, निकालात तांत्रिक अडचण आहे. ही म्हणाली, किती? म्हटलं, अजून निश्चित नाही. कन्येच्या फोनवर साइट आधीच उघडी होती. तिने फोन उलटा करून ठेवला.

ही ‘तेलही गेलं’ एवढंच म्हणाली आणि थांबली. उरलेली म्हण मी मनात पुरी केली.

३ डिसेंबर
गणिताच्या फेरतपासणीचा अर्ज केला. तेरा मार्क हवेत फक्त. तपासणारे घाईत असतात. आकृत्यांचे मार्क नक्की राहिलेत.

खिडकीत तोच कारकून. मी तयारी करून गेलो होतो, तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन. त्याने अर्ज घेतला, शिक्का मारला, पोचपावती दिली. म्हणाला, बसा जरा, चेहरा उतरलाय तुमचा, पाणी देऊ का?

मला त्याने ओळखलंच नाही.

२० डिसेंबर
फेरतपासणीचा निकाल. गणित २०. एका उत्तराला चुकून दोन मार्क जास्त दिले गेले होते, ते काढून घेतले.

ही कुठे आहे विचारलं तर कन्या म्हणाली, मावशीकडे गेलीय, येईल दोन दिवसांनी. काही बोलली का जाताना? म्हणाली, भाजी फ्रिजमध्ये आहे.

२३ डिसेंबर
मॅडमना मीच जाऊन भेटलो. बोलायचं ठरवलं होतं पुष्कळ. अनुभव, बावीस वर्षं, जुने बावन्न टक्के सर्वांना ठाऊक आहेत, वगैरे.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बावन्न कुठे आहेत? मी म्हटलं, होते. त्या म्हणाल्या, मला कागद लागतो. जुना रद्द झालाय, नवा नापासचा आहे. चीफची गोष्ट तर सोडाच. टेक्निशियनच्या जागेलाही शालान्त पास लागतं. तपासणीत फाइल निघाली तर तुम्हाला घरी बसवावं लागेल. मी काय करू ते तुम्हीच सांगा.

मी कार्पेटकडे पाहत होतो. निळं आहे. बावीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. पुढच्या परीक्षेत गणित सोडवा, तोपर्यंत तुम्हाला सॅम्पल घेण्याच्या काउंटरवर ठेवते. नळ्या जमा करायच्या, नाव लिहायचं, आत पाठवायच्या. तिथे शिक्षणाची अट नाही.

मी म्हटलं, उपकार झाले. बोलून गेल्यावर कळलं की काय बोललो.

दारापाशी आल्यावर मॅडमनी मागून विचारलं, सप्टेंबरमध्ये लेबलं कोणी लावली होती?

मी थांबलो. म्हटलं, मी.

त्या म्हणाल्या, माहीत होतं. आणि फाइल पुढे ओढली.

२८ डिसेंबर
ही परत आली. आल्या आल्या शिवणाचं मशीन उघडून बसली. मी काउंटरचं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही, पण पाय हळू झाला. विचारलं, उभं राहावं लागतं का तिथे? म्हटलं, स्टूल आहे. म्हणाली, पाठीला आधार नसेल त्याला. म्हटलं, नाही.

रिकाम्या वेळात एक हिशोब केला. कारकुनाचं ऐकून फक्त भाषा आणि इतिहास घेतले असते, तर मिळालेले हेच मार्क धरून: ६३ + ५४ + ४१ + ६० + ५८ + ५०. तीनशे सव्वीस. चोपन्न पूर्णांक तेहेतीस शतांश. पुन्हा केला, तेवढंच. तिसऱ्यांदा केला.

गणित बरोबर आहे.

आणि काहीच केलं नसतं, तरी तीनशे बारा होतेच.

२ जानेवारी
काउंटरचा पहिला दिवस. नवी चीफ झाली. सकाळी सगळ्यांसमोर माझ्याकडे आली आणि म्हणाली, सर, काही अडलं तर मला हाक मारा. तिच्या जागी मी असतो तर काय म्हणालो असतो, ते मला पाठ आहे. ऑक्टोबरात तयार करून ठेवलं होतं.

तिने मला सर म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

त्रेपन्न नळ्या जमा केल्या. प्रत्येकीवरचं नाव माणसाला विचारून दोनदा वाचलं. एक बाई वैतागल्या, किती वेळ लावता हो. बरोबर आहे त्यांचं. रांग मोठी होती.

५ जानेवारी
गणिताचा फॉर्म या महिन्यात निघेल. नवं टाइमटेबल आखायला घेतलं. एकच रंग होता हाताशी. सोमवार लिहिला, मंगळवार लिहिला. मग राहिलं.

कन्या टेबलावर तिच्या बाजूला बसून गणितं सोडवत होती. पंख्याची बाजू तिला दिलीय परत. म्हणाली, बाबा, हवं तर रविवारी तासभर बसू आपण. मी म्हटलं, तुझी परीक्षा आहे. ती म्हणाली, तासभर. मी म्हटलं, बघू.

चिन्ह का बदलतं ते तिला आता सांगता येतं. सांगितलं तिने. मला समजलं असं मी म्हटलं.

९ जानेवारी, संध्याकाळी
कन्येच्या कॉलेजातून माहितीचा फॉर्म आलाय. ती भरत होती, मी समोर पेपर वाचत होतो. ‘वडिलांचे शिक्षण’ असा रकाना आला तेव्हा तिचं पेन थांबलं. मी पेपरचं पान उलटलं नाही. ती विचारील म्हणून वाट पाहिली. काय सांगायचं, शब्द जुळवत होतो. नववी पास. कायद्याने आता तेवढंच आहे.

तिने विचारलं नाही. मान खाली घालून लिहिलं, शालान्त उत्तीर्ण. पुढे आईचं लिहिलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पालकांच्या सहीच्या जागी पेन ठेवलं.

त्या जागेच्या वर छापलं होतं, वरील सर्व माहिती खरी आहे.

वाचलं. सही केली.